वाडीवरची शाळा बंद कशी पडते?

२१ सप्टेंबर २०२३ रोजी पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयातून राज्यभरातल्या शिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र गेलं. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवा, असं त्यात म्हटलं होतं. अशा शाळा राज्यात १४,७८३, त्यांतली मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. पत्र बाहेर येताच शिक्षक संघटना, पालक आणि आमदार उभे राहिले. शाळा बंद करणार नाही, असं शासनाकडून सांगण्यात आलं. गदारोळ ओसरला.

त्यानंतर मात्र दर काही महिन्यांनी नवीच बातमी येते. कधी संचमान्यतेचे निकष बदलतात, कधी कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरतं, कधी सहावी ते आठवीला शिक्षकच उरत नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक बातमी सुटी वाटते. शहरात राहणाऱ्याला तर हे शब्दही अनोळखी असतात, आणि ज्यांची मुलं त्या शाळांत आहेत त्यांना कोणी बसून समजावून सांगत नाही. या सगळ्या बातम्या एकाच गोष्टीबद्दल आहेत: मुलं मोजून शाळेला काय द्यायचं, हे कसं ठरतं. ते गणित कळलं, की आपल्या गावच्या शाळेचं पुढे काय होणार याचा अंदाज दोन वर्षं आधीच बांधता येतो.

पट, संचमान्यता, समायोजन

शाळेच्या हजेरीपटावर जितकी नावं, तो तिचा पट. दरवर्षी ३० सप्टेंबरला जो पट असेल तो धरून त्या शाळेला किती शिक्षक मिळतील हे शासन ठरवतं, आणि या मंजुरीला संचमान्यता म्हणतात. पट घटला की मंजूर पदं घटतात. जो शिक्षक जास्तीचा ठरतो तो ‘अतिरिक्त’. त्याला दुसऱ्या शाळेत नेणं म्हणजे समायोजन. मुलांना दुसऱ्या शाळेत हलवायचं असेल तरी कागदावर हाच शब्द येतो, म्हणून पत्रात ‘समायोजन’ दिसलं की ते शिक्षकाचं आहे की मुलांचं, हे आधी विचारून घ्यावं.

नावं खरी आहेत का, याची भीती शासनाला का वाटते तेही समजून घ्यायला हवं. नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पट तपासला तेव्हा हजेरीवरची असंख्य मुलं वर्गात सापडलीच नाहीत. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली आणि खोटी नावं किती मोठ्या प्रमाणावर लावली जात होती ते उघड झालं. त्या नावांवर शिक्षकांची पदं, अनुदान, धान्य असं सगळं उचललं जात होतं. त्यानंतर मोजणी हळूहळू संगणकावर गेली आणि आता ती आधारला जोडली आहे.

याचा एक उलटा परिणाम झाला. ज्या मुलाचं आधार नाही, किंवा ज्याच्या आधारवरचं नाव, जन्मतारीख शाळेतल्या नोंदीशी जुळत नाही, ते मूल रोज वर्गात बसलेलं असूनही संचमान्यतेच्या गणतीतून निसटू शकतं. शंभर मुलांच्या शाळेत दोन नावं गेली तर फारसं बिघडत नाही. एकवीस मुलांच्या शाळेत तीच दोन नावं शाळेला एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात ढकलतात.

कायदा काय सांगतो

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, हा त्याचा गाभा. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत शिक्षक किती असावेत हे लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, तोही अशा रीतीने की गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना एकेक माणूस मिळेल.

यातला पहिला आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. ‘साठ मुलांपर्यंत दोन’ म्हटलं आहे. खाली कुठेही मर्यादा घातलेली नाही. मुलं आठ असोत की अठ्ठावन्न, पाच इयत्ता असलेल्या शाळेला दोन माणसं लागतातच, असा यामागचा विचार आहे. तो मला पूर्ण पटतो.

मग हा वीसचा आकडा आला कुठून? राज्याने २०११ साली कायद्याखालचे नियम केले. त्यांत म्हटलं आहे की एक किलोमीटरच्या परिसरात पहिली ते पाचवीची शाळा असावी आणि तिथे सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं असावीत. वरच्या वर्गांसाठी हे अंतर तीन किलोमीटर आहे. नियमाचा रोख नवी शाळा कुठे काढायची याकडे आहे. म्हणजे शाळा उघडण्यासाठी लावलेली अट हळूहळू चालू शाळा टिकवण्याची अट होऊन बसली. शासननिर्णयांत, बैठकांत, बातम्यांत ‘वीसपेक्षा कमी पटाची शाळा’ हा जणू वेगळा प्रकारच झाला आहे. त्या वाडीतली सगळी मुलं शाळेत येत असली तरी!

बंदचा आदेश न निघता शाळा कशी संपते

डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांचं समायोजन करायचं ठरवलं होतं. तेव्हा निर्णय उघड होता, यादी होती, त्यामुळे विरोधही थेट झाला आणि प्रत्यक्षात किती अंतर आहे हे कितीतरी ठिकाणी दाखवून देता आलं. आता असा उघड आदेश क्वचित निघतो. शाळा पदांच्या गणितातून आटत जाते.

आडगावची एसटी कशी बंद होते ते आपण पाहिलेलं आहे. आधी दुपारची फेरी जाते, कारण प्रवासी कमी. दुपारची नाही म्हणून बाजाराला गेलेली माणसं वडापने, म्हणजे खासगी जीपने, परत येऊ लागतात. मग संध्याकाळच्या गाडीलाही माणूस मिळत नाही, आणि आगाराला ती बंद करायला सबळ आकडा मिळतो. गावाने गाडी सोडली की गाडीने गाव सोडलं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. वाडीवरच्या शाळेचं तंतोतंत असंच होतं.

एक नमुना घेऊ. शाळा पाचवीपर्यंतची, मुलं अठरा: पहिलीत तीन, दुसरीत चार, तिसरीत पाच, चौथीत चार, पाचवीत दोन. शिक्षक दोन. त्यांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार, म्हणजे तालुक्याच्या बैठका, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीच्या आधी मतदारयादीचं काम. दुसऱ्याने पाच इयत्ता एका खोलीत घ्यायच्या. आता यातला एक शिक्षक बदलून गेला आणि जागा भरली नाही. उरलेला रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की शेजारच्या शाळेतून कोणी ‘कामगिरीवर’ येईल तर शाळा उघडणार. चार महिने हे पाहिल्यावर ज्याला परवडतं तो बाप पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. पुढच्या जूनला पट तेरा. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. कार्यालयाच्या दप्तरी कारण लिहिलं जातं: ‘पटसंख्येअभावी’.

गेल्या काही वर्षांतले निर्णय या चक्रावर ठेवून पाहा. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर त्या वर्गांना शिक्षकाचं पदच मिळणार नाही, ही त्यातली सर्वांत जाचक बाब. वर्ग आहे, मुलं आहेत आणि पद शून्य. आठवीच्या मुलाला बीजगणित मग प्राथमिकच्या गुरुजींनीच, पहिली-दुसरी सांभाळून शिकवायचं. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ रोजी वीस किंवा कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका जागी कंत्राटी शिक्षक, म्हणजे सेवानिवृत्त शिक्षक किंवा डीएड-बीएड झालेला उमेदवार, महिना १५,००० रुपये मानधनावर नेमायचं ठरलं. शिक्षक चिडले. त्याच महिन्यात ही मर्यादा दहा पटावर आणली गेली. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले, आणि २०२५ च्या सुरुवातीला कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय मागे घेतला गेला. सहावी ते आठवीचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

समूह शाळा म्हणजे नेमकं काय

आसपासच्या सात-आठ किंवा अधिक छोट्या शाळांतली मुलं एका मध्यवर्ती शाळेत आणायची, त्यांना बसने ने-आण करायची आणि तिथे प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक, प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान द्यायचं, अशी ही कल्पना आहे. आयुक्तालयाच्या पत्रात दोन नमुने दिले होते: पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. पानशेतला धरणाकाठच्या वस्त्यांवरची मुलं बसने येतात. तोरणमाळला सातपुड्यातले पाडे एवढे विखुरलेले आहेत की तिथला मार्ग निवासी शाळेचा.

कल्पना निराधार नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही छोट्या, एकट्या पडलेल्या शाळांचा प्रश्न मांडलेला आहे. २०१६-१७ च्या नोंदींप्रमाणे देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी होत्या, असं ते धोरण सांगतं. पण त्याच धोरणात ‘शाळा संकुल’ सुचवलं आहे, आणि संकुल म्हणजे शाळा बंद करणं नव्हे. छोट्या शाळा जागच्या जागी ठेवायच्या आणि चित्रकला, संगीत, क्रीडा, विज्ञानाचे शिक्षक, साहित्य, प्रयोगशाळा त्यांनी वाटून वापरायची, असाही अर्थ त्यात आहे. आपल्याकडे चर्चेत मुलांना हलवणं आधी आलं आणि शिक्षकाने या शाळेतून त्या शाळेत फिरणं मागे पडलं. मला हा क्रम उलटा वाटतो. पन्नाशीतला शिक्षक मोटरसायकलवर आठवड्यातून दोनदा वाडीवर जाऊ शकतो. सहा वर्षांच्या मुलीने दिवसातून दोनदा ओढा ओलांडावा असं आपण म्हणू नये.

‘बारा-तेरा मुलांमागे दोन पगार, परवडतं का?’

हा प्रश्न रागाने उडवून लावण्याचा नाही. पत्रातल्या आकड्यांवरूनच हिशेब केला तर या शाळांत सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक येतात, म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुलं. मोठ्या गावातल्या शाळेपेक्षा इथे एका मुलामागचा खर्च कितीतरी जास्त आहे, हे खरंच आहे.

पण खर्च कशाशी ताडायचा? शाळा हलवली तरी त्या मुलांना शिक्षक लागणारच. नव्या शाळेत वाढीव खोल्या लागतील, बस, डिझेल, चालक, मदतनीस लागतील, आणि ते दरवर्षी लागतील. एखाद्या कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून पहिली बस दिली तरी पाचव्या वर्षी तिचे टायर कोण बदलणार, याची तरतूद अंदाजपत्रकात हवी. शिवाय जे सरकारी हिशेबात दिसत नाही ते घरांवर पडतं: बस चुकली की बुडणारी मजुरी, आजारी मुलाला आणायला जाण्याचं भाडं. शाळेत पोषण आहार शिजवायला पंचवीस मुलांपर्यंत एका स्वयंपाकी-मदतनीसाची जागा असते. ती वाडीतल्याच एखाद्या बाईचा आधार असते, शाळेबरोबर तीही जाते.

दुर्गम वस्तीवर सेवा पोचवायला माणशी खर्च जास्त येतो, हे आपण रस्ता, वीज आणि लसीकरणात मान्य केलेलं आहे. शाळेपाशी येऊन ते अचानक अमान्य का व्हावं?

‘मोठ्या शाळेत मुलांचं भलं होणार नाही का?’

होऊ शकतं. हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो घेणाऱ्यांत मुलांची कळकळ असलेले शिक्षकही आहेत. चौथीत एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीने वाचायला, भांडायला, स्पर्धा करायला कोणी नसतं. कबड्डीचा संघ होत नाही. एका शिक्षकाने पाच इयत्ता एकदम शिकवणं, ज्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, ते नीट करायला वेगळी तयारी लागते आणि आपल्या डीएडमध्ये तिच्यावर फार भर कधी नव्हता.

तरीही मुलं कमी म्हणून शिक्षण वाईट, असं समीकरण मांडता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट एकेकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. गावाने आणि शिक्षकाने मिळून ती उभी केली, मोठी मुलं धाकट्यांना शिकवू लागली, बाहेरून मुलं येऊ लागली, आणि २०२५ साली त्या शाळेला जागतिक पातळीवरच्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. वीस पटाच्या नियमाने त्या शाळेकडे पाहिलं असतं तर ती कधीच कुलूपबंद व्हायला हवी होती. प्रत्येक वाडीवर असं घडणार नाही, हे मलाही कळतं. जालिंदरनगर पुण्याच्या जवळ आहे, सह्याद्रीच्या पलीकडच्या धनगरवाड्यावर बाहेरून मुलं येणार नाहीत.

माझं मत वयावरून ठरतं. पहिली ते चौथीची शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच हवी, पट पाच असला तरी. पाचवीनंतर, खात्रीची वाहनाची सोय असेल तर, एकत्र मोठी शाळा मुलांच्या फायद्याची ठरू शकते. विषयांचे शिक्षक मिळतात, सोबत मिळते. सगळ्या कमी पटाच्या शाळांना एकाच मापाने मोजणारा निर्णय या दोन गटांतला फरकच पुसतो.

‘पालकच मुलं काढून नेतात, मग सरकारचा काय दोष?’

नेतात, हे खरं आहे. इंग्रजी माध्यमाची ओढ आहे, टाय आणि व्हॅनची ओढ आहे. कोकणात तर वाडीच्या वाडी मुंबईला गेली आहे आणि गावात आजी-आजोबाच उरलेत. तिथे मुलंच जन्माला येत नाहीत, त्याला शिक्षण खात्याने काय करावं? अशा ठिकाणी पट शून्यावर आला तर शाळा थांबणं समजू शकतं.

पण मागे कोण उरतं ते पाहा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आधी जातो. शेवटच्या नऊ मुलांत शेतमजुरांची, कातकऱ्यांची, धनगरांची, भिल्लांची मुलं असतात. धाकट्या भावंडाला सांभाळत शाळेत येणाऱ्या मुली असतात. ज्यांना जाण्याची सोय नाही म्हणून ते राहिले, त्यांनाच आता ‘पट कमी’ या कारणाने लांब जायला सांगितलं जातं. बाकीच्यांनी शाळा सोडली याची शिक्षा त्यांना देणं न्यायाचं नाही.

नकाशावरचा किलोमीटर

कार्यालयात अंतर नकाशावर मोजतात. वाडीला ते पायाने मोजावं लागतं. मध्ये ओढा असेल तर जून ते सप्टेंबर तो एक किलोमीटर तीन किलोमीटरचा होतो, आणि साकव वाहून गेला तर रस्ताच उरत नाही. गडचिरोलीत जंगल, अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला डोंगरउतार, कोयनाकाठी जलाशयाचं पाणी. साधारण २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळा सुरू केल्या त्या याच कारणाने: मूल शाळेपर्यंत पोचत नव्हतं म्हणून शाळा मुलापर्यंत नेली. त्या वस्त्या हललेल्या नाहीत. ओढेही तिथेच आहेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद होणार असं दिसताच मुलं आणि पालक थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेले. शाळा देणार नसाल तर दप्तरं परत घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, असं ती मुलं म्हणत होती. धरणाने विस्थापित झालेल्यांची ती वस्ती. शाळा गेली तर पुढे काय, हे त्या पोरांना कोणत्याही अहवालापेक्षा नेमकं ठाऊक होतं.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो पाचवी ते बारावीसाठी. दुसरीतल्या मुलीला लांबच्या शाळेत घातलं तर त्या पासचा तिला उपयोग नाही. जवळ शाळा नसलेल्या मुलांना वाहतूक भत्ता देण्याची तरतूद आहे, मात्र भत्ता म्हणजे वाहन नव्हे. जिथे रस्त्यावर जीपच धावत नाही तिथे खात्यात पैसे जमा होऊन मूल शाळेत पोचत नाही.

हे ठरवतं कोण

संचमान्यतेचे निकष मंत्रालयातून येतात. त्यांची अंमलबजावणी आयुक्तालय, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्यामार्फत होते. जिल्हा परिषदेत निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती असते आणि तिथे हा विषय चर्चेला यायला हवा. पण २०२२ पासून काही वर्षं राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडून आलेले सदस्यच नव्हते, प्रशासक होते. समूह शाळेचं पत्र नेमकं याच काळात आलं. ज्यांना गावाने अडवून विचारावं असं माणूसच सभागृहात नव्हतं. स्थानिक निवडणुका लांबल्याचं नुकसान आपण रस्ते-गटारांच्या भाषेत मोजतो. शाळांचं मोजलं नाही.

तळाशी मात्र एक समिती आहे आणि ती पालकांच्या हातातली आहे. शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिचे पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचं काम कायद्याने या समितीला दिलं आहे. बऱ्याच गावांत तिच्या बैठकीचं इतिवृत्त घरोघरी सह्यांसाठी फिरतं आणि बैठक होतच नाही. हे थांबवायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

पालकांनी काय करायचं

सगळ्यात आधी, सप्टेंबर संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाचं नाव ऑनलाइन नोंदीत आहे का आणि आधार जुळलेलं आहे का, हे मुख्याध्यापकांकडून वर्गवार समजून घ्या. मूल पाच वर्षांचं झालं की त्याच्या आधारमध्ये बोटांचे ठसे पहिल्यांदा घ्यावे लागतात. तेही राहून जातं. ज्यांच्या कागदांत गोंधळ आहे त्यांना ऑगस्टमध्येच तालुक्याला नेण्याची व्यवस्था गावाने मिळून करावी. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणीही दिवाळीआधीच समितीच्या ठरावाने पाठवावी लागते.

दुसरं, संचमान्यतेची प्रत मागा. शाळेला किती पदं मंजूर, किती भरलेली, हे त्यात असतं. मंजूर दोन आणि हजर एक, असं असेल तर ती रिक्त जागा आहे आणि तिचा पाठपुरावा वेगळा. मंजूरच एक असेल तर भांडण निकषाशी आहे. ही गल्लत झाली की अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो. प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

तिसरं, शाळा हलवण्याचा विषय निघाला तर व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा, दोन्हींचे ठराव घ्या. ठरावात भावना थोडक्यात आणि तपशील भरपूर असावा: प्रत्येक मुलाचं वय, नव्या शाळेपर्यंतचं पायी अंतर, वाटेतला ओढा, घाट, महामार्ग, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते, पुढच्या तीन वर्षांत अंगणवाडीतून किती मुलं पहिलीत येणार. शेवटचा आकडा बहुतेक ठरावांत नसतो आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो, कारण आज चौदा असलेला पट अंगणवाडीच्या बळावर तीन वर्षांनी एकवीस होणार असू शकतो.

दाद लागली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. वकील लागत नाही.

आणि गावाला समूह शाळा मान्य असेल, तर होकारही लेखी अटींवर द्यावा. बस वाडीच्या कोणत्या ठिकाणापर्यंत येईल, किती वाजता, बसमध्ये मदतनीस बाई असेल का, बस बिघडली तर त्या दिवशी पर्यायी वाहन कोण पाठवेल, खर्च कोणत्या निधीतून आणि किती वर्षं. जुन्या शाळेची इमारत कोणाच्या ताब्यात राहील हेही लिहून घ्यावं. ती अंगणवाडीला, वाचनालयाला उपयोगी पडते आणि मुलं वाढली तर पुन्हा शाळेलाही. सर्वांत महत्त्वाची अट ही, की ठरलेल्या सोयी सलग अमुक दिवस मिळाल्या नाहीत तर वाडीवरचे वर्ग पुन्हा सुरू होतील आणि तोपर्यंत जुन्या शाळेचा सांकेतिक क्रमांक रद्द होणार नाही. एकदा तो क्रमांक नोंदीतून गेला की गावाला नव्या शाळेची मागणी पहिल्यापासून करावी लागते, आणि तिथे पुन्हा वीस मुलांची अट उभी असते.